‘तुरळक’ म्हणजे नेमकं कुठे?

हॉस्टेलवर राहत असाल तर जूनमध्ये हा फोन तुम्हाला येतोच. कपाशीचं बियाणं घरात येऊन पडलंय आणि पप्पा विचारतात, "मोबाइलमध्ये पाहून सांग रे, पानी यी का?" तुम्ही ढगाचं चित्र बघता, खाली 60 टक्के असतं. सांगून टाकता, "येईल बहुतेक." त्या ‘बहुतेक’वर घरी बियाण्याची पाकिटं फुटतात, बरं का!

पेपरातला अंदाज तरी सोपा कुठे? हवामान खात्याच्या हिशेबात जळगाव-धुळे ‘मध्य महाराष्ट्रात’ येतात. त्याच विभागात सातारा आणि कोल्हापूरही. म्हणजे महाबळेश्वरचा पाऊस आणि आपला पाऊस एकाच मथळ्याखाली! वर ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’. हे शब्द उगाच टाकलेले नसतात, मोजलेले असतात. ‘तुरळक’ म्हणजे विभागातल्या जास्तीत जास्त 25 टक्के ठिकाणी, ‘काही ठिकाणी’ म्हणजे 26 ते 50 टक्के. मुसळधार म्हणजे 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे. त्यामुळे चोपड्यात धो धो आणि एरंडोल कोरडंठाक राहिलं, तरी अंदाज बरोबरच. शिव्या घालायच्या आधी एवढं बघा.

आपल्या जिल्ह्यापुरतं हवं असेल तर ‘मेघदूत’ अ‍ॅप घ्या. हवामान खातं, पुण्याची आयआयटीएम आणि भारतीय कृषी संशोधन परिषद यांनी ते 2019 मध्ये आणलं. फुकट आहे, मराठीत आहे. जिल्हा निवडला की पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा दिसतो. सोबत पीकसल्ला, तो मंगळवारी आणि शुक्रवारी बदलतो. रावेर-यावलकडची केळीवाल्या घरातली पोरं आधी वाऱ्याचा आकडा बघतात. केळीचं खोड म्हणजे पानांच्या देठांची गुंडाळीच, घड लागलेला असताना वादळ आलं की बाग आडवी. वीज कुठे पडतेय ते बघायला आयआयटीएमचंच ‘दामिनी’ आहे. घरचं कुणी शेतात असेल तर हे आधी टाकून द्या.

24 ऑक्टोबर 2024 पासून ग्रामपंचायतीपुरता अंदाजही मिळतो, ‘मेरी पंचायत’ अ‍ॅपवर. मे 2025 मध्ये आलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ने अंदाजाचा चौकोन 12 किलोमीटरवरून 6 वर आणला. प्रगती आहेच. पण सहा किलोमीटरच्या चौकोनात दोन-तीन गावं सहज मावतात, त्यात तुमचा बांध वेगळा दिसणार नाही. आणि सल्ल्याची मराठी अजून जरा सरकारीच आहे. आजीला ती अहिराणीत सांगायचं काम तुमच्याकडेच.

तेव्हा पुढच्या फोनला ‘बहुतेक’ नको. कुठला तालुका, किती मिलिमीटर, किती दिवस, एवढं सांगा. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. हा आकडा पडलेल्या पावसाचा आहे, अंदाजातल्या नव्हे. आणि फोन ठेवण्याआधी पप्पांना विचारा, ओल किती खोल गेलीय. ते त्यांनाच बघावं लागणार, माती उकरून.