टाकाऊचा हिशेब – ५ : गलाईची मूस

मागच्या आठवड्यातलं साखर कारखान्याचं चक्र समजायला सोपं होतं. चिपाड बॉयलरला, मळी शेताला, सगळं एकाच आवारात डोळ्यांपुढे. आजचं चक्र आपल्याच माणसांचं, पण फिरतं ते परमुलखात.

सांगलीतले खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्यातले माण, खटाव हा पट्टा पावसाने कायम चुकवलेला. जिरायत रानावर भागेना, तेव्हा इथली माणसं बाहेर पडली आणि सोन्याचांदीची गलाई करू लागली. आज लांबच्या एखाद्या राज्यातल्या सराफकट्ट्यावर विट्याकडचं मराठी कानावर पडलं, तर नवल वाटू नये. गावच्या जत्रेला परराज्यांच्या नंबरप्लेटच्या गाड्या का दिसतात, याचंही उत्तर तेच.

गलाई म्हणजे जुनं सोनं शुद्ध करणं. आजीच्या पाटल्या मोडायला काढल्या, की त्यांत सोन्याबरोबर तांबं, चांदी, डागाचं बरंच काही असतं. गलाईवाला काय करतो? आधी त्यात उलट आणखी चांदी मिसळून वितळवतो. मला हे पहिल्यांदा पाहताना वेडेपणा वाटला होता. शुद्ध करायचं, तर भेसळ का वाढवायची? पण त्यात मेख आहे. सोनं दाट असेल तर तेजाब, म्हणजे नायट्रिक ॲसिड, आतपर्यंत पोचतच नाही. सोनं साधारण चौथा हिस्सा उरेल इतकी चांदी घातली, की ॲसिड चांदी-तांबं पोखरून नेतं आणि तळाशी उरते तपकिरी भुकटी, थेट चहाच्या चोथ्यासारखी. धुवून, टाकणखार घालून मुशीत वितळवली की ती पिवळीधमक होते.

खरी गंमत पुढे आहे. ॲसिडात विरघळलेली चांदी वाया जात नाही. त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली, की तांबं विरघळू लागतं, पाणी निळं होतं आणि चांदी करड्या गाळासारखी खाली बसते. ती पुढच्या खेपेला पुन्हा मुशीत. निळ्या पाण्यात लोखंडाचं भंगार टाकलं, की तांबंही हाती लागतं. पुस्तकातलं रसायनशास्त्र न शिकलेली माणसं हे रोज करतात.

सोनाराच्या दुकानातली झाडलोटसुद्धा कचरा नसते. ती जाळतात, कुटतात, पाण्यात घोळून कण वेगळे काढतात. ते करणाऱ्याला मराठीत झारेकरी असा खास शब्द आहे. ज्या धुळीला नाव असलेला धंदा चिकटतो, ती धूळ उकिरड्यावर जात नाही.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. प्लास्टिकची बादली वितळवली, की तिचा पुढचा अवतार बहुधा हलक्या दर्जाचा असतो. दरवेळी एक पायरी खाली. सोनं पायरी उतरत नाही. पाटल्यांचं सोनं शंभर वेळा मुशीतून गेलं तरी सोनंच. चक्राकार अर्थव्यवस्थेत वस्तू परत येते एवढं पुरत नाही, ती किती उतरून येते हेही पाहावं लागतं.

आणि निसर्गाचं काय वाचतं? बहुतेक खाणींत टनभर दगडातून निघतं ते फार तर काही ग्रॅम सोनं. म्हणजे एका तोळ्यासाठी कित्येक टन खडक फोडायचा, दळायचा, सायनाइडच्या पाण्यात भिजवायचा. कर्नाटकातली कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली, पण तिथे गाळाचे डोंगर अजून उभे आहेत. जुन्या पाटल्या मोडल्या, की तेवढं खोदकाम टळतं. टोकियो ऑलिंपिकची पदकं अशीच झाली. जपानने लोकांकडून ७८,९८५ टन जुने मोबाइल आणि छोटी यंत्रं गोळा केली आणि त्यांतून सुमारे ३२ किलो सोनं व ३,५०० किलो चांदी काढली. आपल्याकडे मात्र बंद पडलेला फोन कपाटाच्या खणात पडून राहतो. त्याला अजून झारेकरी भेटलेला नाही. जिथे भेटतो, तिथे उघड्यावर ॲसिड ओतून काम चालतं, आणि ते पाहवत नाही.

तशी गलाईची बाजूही सगळी चकचकीत नाही. ॲसिड चांदीला भिडलं की लालसर तपकिरी धूर उठतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड, फुप्फुसाला घातक. तांबंही काढून घेतल्यावर जे पाणी उरतं, ते चुन्याने मारून मगच सोडायला हवं. मुशीतल्या गुंजभर सोन्याचा हिशेब चोख लागतो, कारण त्याला भाव आहे. धुराला भाव नाही, म्हणून चक्र तिथे उघडं राहतं. धूर धुवून घेणारी यंत्रं मिळतात, पण गल्लीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत त्यांना जागाही नसते आणि ऐपतही.

मी पाहिलेल्या अशाच एका खोलीतल्या, खटावकडच्या काकांना विचारलं, "हा धूर जातो कुठं?" त्यांनी मूस हलवता हलवता वर बोट केलं. छताशी पत्र्याचं धुराडं होतं. गंजून त्याची चाळण झाली होती.