सायकलीवरून फ्रान्सचा सागरतीर

प्रवासापासून किती ज्ञान पदरी पडेल, हे पुष्कळ अंशी वाहनावर अवलंबून असते. आगगाडीतून जाणारा मनुष्य स्टेशनांची नावे वाचतो, पण गावे त्यास दिसत नाहीत. पायी जाणाऱ्यास सर्व काही दिसते. परंतु दिवसभर चालूनही तो फार दूर जात नाही. सायकल ही या दोहोंच्या मधली होय. तीवरून जाणाऱ्याच्या अंगास वारा लागतो, शेतांचा वास येतो, वाटेतील मनुष्याशी दोन शब्द बोलता येतात, आणि सायंकाळपर्यंत चाळीस-पन्नास किलोमीटरांची मजलही होते. फ्रान्स देशात समुद्रकिनाऱ्याने, वाटाड्या बरोबर घेऊन, अशा रीतीने सुटी घालविण्याची चाल आहे. ती कशी चालते व तीपासून आपण काय घ्यावे, हे येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

अशा सफरीत बहुधा दहा-बारा मंडळी असतात. त्यांचे सामान मोटारीतून पुढील मुक्कामी पोचते, त्यामुळे सायकलीवर पाणी, खाऊ व पावसाळी कोट एवढेच ओझे राहते. वाटाड्या पुढे असतो. मंडळी मोठी असल्यास दुसरा एक जाणता मनुष्य सर्वांच्या मागे राहतो. वाटाड्याच्या पिशवीत पंक्चर काढण्याचे साहित्य, औषधे, नकाशा आणि भरती-ओहोटीचे कोष्टक असते. फ्रान्सच्या या भागात वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो. म्हणून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणे सोयीचे. परंतु चांगल्या वाटाड्याचा मुख्य नियम निराळाच असतो. तो हा की, मेळ्याचा वेग सर्वांत मागे असलेल्याच्या वेगाइतका ठेवावयाचा. जो पुढे गेला त्याने पुढच्या वळणावर थांबावे. आणि मागचा येऊन पोचला की लगेच निघू नये, त्यासही श्वास घेऊ द्यावा.

ही सुटी पूर्वी सर्वांच्या वाट्याची नव्हती. एकोणिसाव्या शतकात समुद्रस्नानासाठी किनाऱ्यावर जाणे हा श्रीमंतांचा विलास होता. पुढे सायकल आली. १८९० साली फ्रान्समधील सायकलस्वारांनी प्रवासास उत्तेजन देण्यासाठी 'तुरिंग क्लब' नावाची संस्था स्थापिली. सँ-एतिएन शहरातील पॉल द व्हिवी (१८५३-१९३०) या गृहस्थांनी सायकलीने प्रवास करण्याचा जन्मभर प्रसार केला आणि नवशिक्यांसाठी सात नियम घालून दिले. त्यांचा आशय असा की, भूक व तहान लागण्याची वाट न पाहता खावे-प्यावे, थकून जाईपर्यंत चालवू नये, आणि केवळ आपला मोठेपणा दाखविण्यासाठी कधीही पाय मारू नयेत. इतके झाले तरी गिरणीतील मजुरास सुटी घेणे म्हणजे मजुरी बुडविणे होते. अखेर जून १९३६ मध्ये, लेओं ब्लूम यांच्या कारकिर्दीत, प्रत्येक कामगारास वर्षातून दोन आठवडे भरपगारी रजा देणारा कायदा झाला. लेओ लाग्रांज या मंत्र्यांनी रजेवर जाणाऱ्यांसाठी रेल्वेचे भाडे शेकडा चाळीस कमी करविले. त्या उन्हाळ्यात हजारो कुटुंबे आगगाडीने व सायकलींनी निघाली. कित्येक नवराबायको एकाच जोडसायकलीवर बसून गेली. त्यांपैकी पुष्कळांनी समुद्र त्या वर्षी प्रथमच पाहिला.

आता प्रत्यक्ष मार्गाकडे वळू. रोस्कॉफपासून डंकर्कपर्यंत उत्तर किनाऱ्याने सुमारे १,५०० किलोमीटर लांबीचा सायकलमार्ग आखलेला आहे. त्यातील सँ-मालो ते माँ-सँ-मिशेल हा तुकडा ब्रिटनी प्रांतातून निघून नॉर्मंडीच्या सीमेवर पोचतो. सँ-मालो हे तटबंदीचे गाव. येथीलच जाक कार्तिये याने १५३४ साली कॅनडाच्या किनाऱ्याचा शोध लावला. ऑगस्ट १९४४ च्या लढाईत तटाच्या आतील बहुतेक गाव जळून व कोसळून गेले. आज दिसणाऱ्या दगडी इमारतींपैकी बऱ्याचशा युद्धानंतर जुन्या धर्तीवर पुन्हा उभारलेल्या आहेत. तटासमोर ग्राँ-बे नावाचे बेट आहे. त्यावर ग्रंथकार शातोब्रियाँ यांची समाधी आहे. ओहोटीच्या वेळी तेथे पायी जाता येते. परंतु परतण्याची वेळ चुकली, तर पुढील ओहोटीपर्यंत बेटावरच बसावे लागते.

या किनाऱ्याचा खरा धनी समुद्र आहे. मुंबईस मोठ्या उधाणातही पाण्याच्या चढउतारात सुमारे पाच मीटरांचा फरक पडतो. येथे तो चौदा मीटरांच्या आसपास जातो. याचे कारण किनाऱ्याच्या रचनेत आहे. अटलांटिक महासागराची भरती इंग्लिश खाडीत शिरते, तिच्या आड कोतांताँचे द्वीपकल्प येते, आणि अडलेले पाणी कोपऱ्यातील उपसागरात चढत जाते. उपसागराचा तळ सपाट असल्यामुळे ओहोटीस तेच पाणी कित्येक किलोमीटर मागे हटते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास, विशेषतः मार्च व सप्टेंबर महिन्यांत, हा खेळ सर्वांत मोठा असतो. या शक्तीचा उपयोगही मनुष्याने केला आहे. सँ-मालोजवळ रांस नदीच्या मुखावर १९६६ साली बांधलेल्या धरणात भरतीच्या पाण्याने वीज तयार होते. तेथील चोवीस यंत्रांची एकंदर शक्ती २४० मेगावॅट आहे.

सँ-मालोपासून चढउतारांची वाट ग्रुएँच्या भूशिरावरून कांकाल या बंदरास येते. येथील कालवे सर्व फ्रान्सभर प्रसिद्ध आहेत. ओहोटी झाली की माणसे उघड्या पडलेल्या वाफ्यांतून काम करू लागतात, व पाणी वाढू लागताच परततात. त्यांचे घड्याळ चंद्राच्या हाती आहे. पुढे वाट अगदी सपाट होते. एका बाजूस समुद्र अडविणारा जुना बांध, दुसऱ्या बाजूस खालच्या पातळीवरची शेते. मधून पवनचक्क्या, आणि खारट गवतावर चरणारी मेंढरे. बराच वेळ सायकल चालविल्यावर क्षितिजावर एक निळसर त्रिकोण उभा राहतो. तो माँ-सँ-मिशेल होय.

अव्हरांशचे बिशप ओबेर यांनी ७०८ साली मीखाएल देवदूताच्या नावाने या खडकावर प्रार्थनामंदिर बांधिले, अशी परंपरा सांगते. ९६६ साली बेनेडिक्टाइन साधू येथे आले आणि १०२३ पासून शिखरावर मोठे मंदिर उभे राहू लागले. शतकानुशतके यात्रेकरू वाळवंट तुडवीत येत, व त्यांतील कित्येक भरतीत बुडून मरत. घोडा दौडावा तशी येथे भरती येते, असे लोक म्हणतात. वस्तुतः तिचा वेग मनुष्याच्या भरभर चालण्याइतकाच असतो. पण पाणी समोरून न येता प्रथम पाठीमागच्या ओहोळांत भरते, आणि मनुष्यास कळण्यापूर्वीच वाट तुटते. शिवाय चोरवाळू आहेच. म्हणून आजही वाळूवरून पायी जावयाचे तर जाणता वाटाड्या बरोबर असावाच लागतो. १८७९ साली येथे भराव टाकून रस्ता केला, परंतु त्यामुळे गाळ साचून बेटाचे बेटपण जाऊ लागले. आपली चूक ओळखून लोकांनी तो भराव काढून टाकिला, आणि २०१४ साली खांबांवरचा पूल खुला केला. आता खालून पाणी मोकळे वाहते. बेटावरील गावात सायकलीस मज्जाव आहे. तेथे शेवटचा चढ प्रत्येकाने आपल्या पायांनीच चढावयाचा.

या सफरीचे वर्णन वाचताना पवित्र शास्त्रातील दोन स्थळे आठवतात. एसावाने आपल्याबरोबर चलण्याचा आग्रह केला, तेव्हा याकोब म्हणाला की मुले कोवळी आहेत, मेंढरे पाजती आहेत. मी त्यांच्या चालीने सावकाश येईन. दुसरे स्थळ विसाव्याच्या दिवसाची आज्ञा. ती केवळ घरधन्यासाठी नाही. दास, दासी, गुरेढोरे व दारी आलेला परका, या सर्वांस तीत विसावा दिलेला आहे. १९३६ च्या कायद्याने जे दिले, ते या जुन्या आज्ञेहून फार निराळे नव्हते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी थोडेच कदाचित फ्रान्सचा किनारा पाहतील. परंतु शाळेची सहल तर दरवर्षी निघते. त्या वेळी पुढे कोण पोचला, हे सांगणारे पुष्कळ असतात. तुम्ही मागे वळून पाहा. ज्याची सायकल जुनी आहे, ज्याचा डबा लहान आहे, ज्यास दम लागला आहे, त्याच्यासाठी वळणावर थांबा. आणि तो येऊन पोचला म्हणजे त्यासही क्षणभर बसू द्या.