प्रसूतिवेदना आणि विद्युत्प्रवाह

ठेच लागली की माणूस नकळत दुखरा अंगठा चोळू लागतो, आणि चोळल्याने त्याला बरेही वाटते. या साध्या अनुभवाचा उलगडा करू शकणारी एक उपपत्ती रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडली. स्पर्शाचे संदेश जाड मज्जातंतूंतून वेगाने जातात, तर वेदनेचे संदेश बारीक तंतूंतून सावकाश जातात. मेरुरज्जूत जणू एक द्वार असून स्पर्शसंदेशांची गर्दी झाली म्हणजे ते अंशतः मिटते व मेंदूकडे जाणारी वेदना उणावते. या उपपत्तीचे काही तपशील पुढे सुधारावे लागले. परंतु तिची मूळ कल्पना फलदायी ठरली. १९६७ साली वॉल व विल्यम स्वीट यांनी सौम्य विद्युत्प्रवाहाने काही रुग्णांच्या जुनाट वेदना तात्पुरत्या शमविल्या.

विजेचा असा उपयोग अगदीच नवा नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनिअस लार्गस या रोमन वैद्याने डोकेदुखीवर विजेचा धक्का देणारा टॉरपेडो मासा सुचविला होता.

त्वचेवाटे मज्जातंतूंना उत्तेजन देणाऱ्या आजच्या उपकरणास इंग्रजी आद्याक्षरांवरून 'टेन्स' म्हणतात. खिशात मावेल अशी पेटी, तीत लहान बॅटरी आणि तारांनी जोडलेल्या चार चिकट पट्ट्या, एवढाच त्याचा सरंजाम. १९७० नंतरच्या दशकात स्वीडनमध्ये प्रसूतीच्या वेळी त्याचा वापर होऊ लागला.

गर्भाशय आकुंचन पावताना व त्याचे तोंड उघडताना होणाऱ्या वेदनांचे संदेश मेरुरज्जूत पाठीच्या खालच्या भागी शिरतात. मूल खाली सरकताना होणाऱ्या वेदनांचे संदेश त्याहून खालच्या मज्जातंतूंवाटे येतात. म्हणून दोन पट्ट्या कण्याच्या दोहों बाजूंस, छातीच्या पिंजऱ्याच्या खालच्या कडेच्या सुमारास, व दोन माकडहाडाच्या वर लावतात. प्रवाह सुरू होताच मुंग्या आल्यासारखे वाटते. कळ आली की स्त्री स्वतःच कळ दाबून प्रवाह वाढविते व ती ओसरताच कमी करते.

याने वेदना खरोखर किती कमी होतात? २००९ साली अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा वेदना निश्चित घटतात असे ठामपणे सिद्ध झाले नाही. मात्र बहुतेक स्त्रियांनी पुन्हा हे उपकरण वापरण्याची तयारी दर्शविली. अशा प्रयोगांत एक अडचण असते: मुंग्या जाणवतात की नाही, यावरून यंत्र चालू आहे की बंद, हे स्त्रीला सहज ओळखता येते. म्हणून कळा सौम्य असताना, प्रारंभीच्या काळात, साहाय्यक म्हणूनच त्याकडे पाहणे योग्य होय.

काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. पाण्याच्या टबात असताना हे यंत्र वापरू नये. हृदयात गतिनियंत्रक बसविलेल्या स्त्रीने ते वापरू नये. गर्भधारणेस सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी ते लावू नये, आणि पट्ट्या पोटावर लावू नयेत. अपस्माराचा विकार असल्यास डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

कळा तीव्र झाल्यावर यंत्र अपुरे पडले, तर त्यात त्या स्त्रीचा काहीही दोष नसतो. यंत्र बाजूला ठेवून डॉक्टर किंवा परिचारिकेकडे दुसरा वेदनाशामक उपाय मागण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे, आणि घरच्यांनीही त्या मागणीस पाठबळ द्यावे.