धावणे, झेलणे, तोल सावरणे : बालकांना हे आपोआप येते का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील बालकांच्या हालचालींविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. तीन व चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल करावी, त्यांपैकी निदान ६० मिनिटे ती मध्यम ते जोमदार स्वरूपाची असावी आणि पडद्यासमोर बसणे एका तासाहून अधिक नसावे, असे त्यांत नमूद आहे. १८० मिनिटांचा आकडा प्रथमदर्शनी मोठा वाटतो. परंतु हा वेळ सलग अपेक्षित नाही. मुलाला मोकळे सोडल्यास तो सहज भरून निघतो. अडचण आहे ती मोकळे सोडण्याचीच.

वय वाढले की सर्व हालचाली आपोआप जमतात, असा समज सर्वत्र आढळतो. चालण्यापुरता तो बऱ्याच अंशी खरा आहे. भारतासह पाच देशांतील बालकांच्या पाहणीच्या आधारे याच संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, निरोगी बालके साधारणतः ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान आधाराविना चालू लागतात. एका पायावर उडी मारणे, चेंडू नेमका फेकणे वा झेलणे ही कौशल्ये मात्र सरावावाचून कच्ची राहतात.

झेलण्याचेच पाहा. तीन वर्षांचे मूल दोन्ही हात ताठ पुढे करून उभे राहते आणि चेंडू जवळ येताच डोळे मिटून मान फिरवते. पुढे ते चेंडू छातीशी कवटाळू लागते. केवळ हातांनी झेलणे बहुधा पाच-सहा वर्षांच्या सुमारास साधते. या काळात टणक चेंडू दिल्यास मान फिरवण्याचीच सवय जडते. जुन्या कपड्यांच्या चिंध्यांचा चेंडू त्यासाठी सर्वांत उत्तम. तो लागत नाही, घरंगळून दूर जात नाही आणि त्याला पैसेही पडत नाहीत. प्रारंभी तो दोन-तीन हातांवरून, खालून अलगद टाकावा. फुगाही संथपणे येतो. मात्र फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकण्याचा धोका असल्याने मोठ्यांची नजर आवश्यक आहे. फेकताना लहान मूल ज्या हाताने फेकते त्याच बाजूचा पाय पुढे टाकते. त्याला समजावत बसण्यापेक्षा दुसऱ्या पायासाठी जमिनीवर खडूने पाऊल काढून ठेवावे.

तोल सावरण्यासाठी आपल्याकडे ठिकरीसारखा खेळ आहे. उत्तरेत त्याला स्टापू म्हणतात, तमिळनाडूत पांडी. उडी, रेषेचे भान आणि वाकून ठिकरी उचलताना सांभाळावा लागणारा तोल, हे सारे त्यात एकत्र येते. चार वर्षांच्या मुलासाठी घरे मोठी आखावीत व प्रथम दोन्ही पायांनी उड्या मारू द्याव्यात. सदनिकेतील व्हरांडाही त्यास पुरतो.

बालशिक्षणात अंगणाचे महत्त्व आपल्याला नवे नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्यासह मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली. १९७५ मध्ये एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. त्यांपैकी शहरांतील अनेक एकाच भाड्याच्या खोलीत भरतात. नावात अंगण आहे, जागेवर नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी २०२४ मध्ये आलेल्या ‘आधारशिला’ या राष्ट्रीय अभ्यासक्रमात खेळालाच मध्यवर्ती स्थान आहे. तथापि मुलाच्या हाती लवकर पेन्सिल दिसावी, हा पालकांचा आग्रह ओसरलेला नाही. ती पेन्सिल स्थिर धरण्यासाठी लागणारे खांद्याचे व मनगटाचे बळ चढण्या-लोंबकळण्यातूनही येते, याकडे दुर्लक्ष होते.

दोन मुलांची तुलना टाळावी. परंतु १८ महिन्यांनंतरही मूल चालत नसेल, सतत एकच बाजू वापरत असेल किंवा येत असलेली हालचाल गमावत असेल, तर विलंब न करता बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाड्यांमध्ये येणाऱ्या आरोग्य पथकाकडूनही अशी तपासणी विनामूल्य होते.