गाडी भाड्याची, चावी कोणाच्या हाती?

मे महिन्यात शाळेच्या सुट्ट्या आणि लग्नसराई एकदमच येतात. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या कुटुंबांना कोकणात गावी जायचे असते. एसटीला जागा मिळत नाही, ड्रायव्हरसह गाडी परवडत नाही, म्हणून स्वतः चालवायची गाडी भाड्याने घेतली जाते. गेल्या वर्षी भाचीच्या निकाहासाठी आम्ही दोघे नवरा-बायको, मुलांना घेऊन, दापोली तालुक्यातल्या गावी असेच गेलो. मोबाइलवर गाडी ठरवताना शेवटी प्रश्न आला : 'जादा संरक्षण हवे का?' बहुतेक जण इथे न वाचताच 'हो' किंवा 'नाही' दाबतात. आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. हिशेब बरोबर केला, तरीही शेवटी भुर्दंड पडलाच. तो का पडला, हे वाचक बंधू-भगिनींना उपयोगी पडेल असे वाटते.

जादा पैसे नेमके कशाचे?

पहिला गैरसमज असा, की जादा पैसे भरले नाहीत तर गाडीला विमाच नाही. तसे नसते. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर भरपाई त्या विम्यातून होते. तो गाडीच्या मालकाने उतरवायचा असतो.

जादा रक्कम असते ती भाड्याच्या गाडीचेच नुकसान झाले तर आपल्याला भरावा लागणारा वाटा कमी करण्यासाठी. पुष्कळदा ही विमा कंपनीची पॉलिसी नसतेच. 'अमुक रकमेच्या वर तुमच्याकडून घेणार नाही' असे गाडी देणाऱ्याने करारात दिलेले ते वचन असते. म्हणून त्यामागच्या अटी वाचल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही.

आपल्यापैकी काहींच्या मनात विम्याबद्दल शरीअतच्या दृष्टीने शंका असते. त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. इजाऱ्याच्या नियमात भाड्याची वस्तू भाडेकरूच्या हाती अमानत मानली जाते आणि त्याचा हलगर्जीपणा नसेल तर नुकसानीचा बोजा त्याच्यावर येत नाही, एवढे मात्र माहीत असावे. आजचे छापील करार असे नसतात. चूक कोणाचीही असो, ठरावीक रकमेपर्यंतचे नुकसान ते भाडेकरूवर टाकतात. म्हणूनच हा हिशेब करावा लागतो.

आमचा हिशेब

साध्या भाड्यात नुकसान झाल्यास १५,००० रुपयांपर्यंत आम्ही द्यायचे होते. रोज ४०० रुपये जादा भरले तर तीच मर्यादा २,००० वर येणार होती. चार दिवसांचे झाले १,६००. म्हणजे १,६०० रुपये देऊन १३,००० ची जोखीम उतरत होती. आठ प्रवासांत एकदा तरी एवढे मोठे नुकसान होणार असेल, तरच हा सौदा पैशात बरोबरीचा. नीट गाडी चालवणाऱ्याचे इतक्या वेळा नुकसान होत नाही. त्यामुळे नुसता नफा-तोटा पाहिला तर जादा पैसे न भरणे बरे.

पण घर नुसत्या सरासरीवर चालत नाही. आम्ही एकमेकांना एकच प्रश्न विचारला : उद्या १५,००० द्यावे लागले, तर उसने न घेता देता येतील का? निकाहाचा आहेर, मुलांच्या शाळेची फी, सगळे एकाच महिन्यात होते. उत्तर 'नाही' असे आले. शिवाय गाडी आमच्या सवयीची नव्हती, वाटेत ताम्हिणी घाट आणि गावात अरुंद रस्ते. म्हणून आम्ही १,६०० भरले. ज्यांच्याकडे तेवढी रक्कम बाजूला पडलेली आहे आणि शहरातल्या शहरात एक दिवस फिरायचे आहे, त्यांनी न भरले तरी चालेल.

गडग्याला घासलेले दार

निकाहाच्या आदल्या दिवशी मुंबईची खाला ठरल्यापेक्षा लवकरच्या एसटीने दापोलीला उतरली. आम्ही दोघेही पाहुण्यांच्या जेवणाच्या गडबडीत. भाचा म्हणाला, "मामू, चावी द्या, मी घेऊन येतो." लायसन्स त्याच्याकडे होते, हातही चांगला बसलेला. आम्ही चावी दिली. लग्नघरात चावी अशीच या हातातून त्या हातात जाते.

येताना वळणावर समोरून टेम्पो आला. भाच्याने गाडी बाजूला घेतली आणि डावी दोन्ही दारे जांभ्या दगडाच्या गडग्याला घासली. दाराला पोचा, आरसा तुटलेला. अल्लाहच्या कृपेने कोणाला लागले नाही.

कंपनीला कळवले तेव्हा मोबाइलवर फॉर्म आला. त्यात एक रकाना होता : 'घटनेच्या वेळी गाडी कोण चालवत होते?' करारात फक्त आमच्या दोघांची नावे होती आणि अट स्पष्ट होती : नोंद नसलेल्या माणसाने गाडी चालवली तर संरक्षण रद्द, मर्यादाही रद्द, सगळा खर्च भाडेकरूचा.

घरातली मंडळी म्हणाली, "तुमचंच नाव लिहा ना. कोण बघायला आलंय?" भाचा खाली मान घालून उभा होता. खरे सांगायचे तर आम्हीही थोडा वेळ बोट उचलले नाही. एक नाव लिहिले तर २,००० जाणार होते, दुसरे लिहिले तर किती जातील याचा अंदाजही नव्हता. शेजारी आमचा दहा वर्षांचा मुलगा फॉर्म वाचत होता. आम्ही भाच्याचे नाव लिहिले.

दुरुस्तीचे १४,२०० आणि गाडी दोन दिवस उभी राहिली त्याचे ३,६००, असे १७,८०० रुपये झाले. अनामत वळती झाली, उरलेले आम्ही दोन महिन्यांत फेडले. भाच्याने पहिल्या पगारातून ३,००० आणून दिले. नको म्हटले, पण त्याने ऐकले नाही.

घेण्यापूर्वी पाहा

भाड्याने चालवायला देण्याचा परवाना असलेल्या गाडीची नंबर प्लेट काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नये. खासगी गाडीचा विमा भाड्याच्या वापरासाठी नसतो आणि अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. विम्याची मुदत एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून पाहता येते.

गाडी ताब्यात घेताना आणि परत देताना चारही बाजूंचा, टायरचा, काचांचा व्हिडिओ काढावा. टायर, काच, गाडीचा खालचा भाग आणि हरवलेली चावी या गोष्टी जादा संरक्षणात धरल्या आहेत का, हे विचारावे. बहुधा नसतात. नुकसान झालेच तर परस्पर गॅरेजात न जाता आधी कंपनीला कळवावे.

आणि सर्वांत आधी, गाडी कोण कोण चालवणार हे घरात ठरवून त्यांची नावे करारात घालावीत. काही ठिकाणी दुसऱ्या चालकाचे थोडे जादा पैसे पडतात. ते द्यावेत. ज्याचे नाव नाही त्याला चावी देऊ नये, मग तो कितीही जवळचा असो.

या वर्षी पुन्हा गावी जायचे आहे. गाडी अजून ठरवलेलीही नाही, तोवर भाच्याने लायसन्सचा फोटो पाठवला. खाली लिहिले होते : "मुमानी, या वेळी माझं नाव आधी घाला."