चिपेची ओळख चिपेलाच विचारावी

द्राक्षबागांत हवेचें उष्णतामान व आर्द्रता मोजणारीं लहान यंत्रें बसविण्याची हौस आमच्या सभासदांतही दिसूं लागली आहे. हौस स्तुत्य आहे. केवडा येण्याजोगी हवा झाली कीं नाहीं, याचा अंदाज आर्द्रतेच्या आंकड्यावरून बांधावयाचा आणि त्या अंदाजावर फवारणीचा खर्च करावयाचा. तेव्हां तो आंकडा खोटा असेल तर औषध व पीक दोन्हीं हातचीं जातात. या आंकड्याच्या बाबतींत बाजारांत एक घोटाळा चालतो, तो सभासदांच्या नजरेस आणणें आम्हांस अवश्य वाटतें.

बॉश या जर्मन कंपनीच्या दोन चिपा आहेत. बीएमई २८० ही उष्णतामान, हवेचा दाब व आर्द्रता अशीं तीन मापें देते. बीएमपी २८० ही पहिलीं दोनच देते. आर्द्रता मोजणारा भागच तिच्यांत नाहीं. दुसरी स्वस्त असते. दोहोंचे बोर्ड दिसावयास इतके सारखे कीं, पहिलीच्या नांवाखालीं दुसरी सर्रास खपते. एका सभासदाचा बोर्ड आम्हीं तपासला तो असाच निघाला. दुकानदारास दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यालाही बहुधा ठाऊक नसावें.

सुदैवानें चिपेची ओळख चिपेच्याच पोटांत लिहिलेली असते. तिच्या आंत क्रमांक दिलेले खाने असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. महसूल खात्यांत उभा जन्म रजिस्टरांत गेल्यामुळें हें नांव ऐकून आम्हांस घरचें माणूस भेटल्यासारखें झालें! या रजिस्टरांपैकीं एकांत कारखान्यानें चिपेचा ओळख-क्रमांक नोंदलेला असतो. तो वाचला कीं वाद मिटला.

वाचावयाचा कसा? रास्पबेरी पायसारख्या लहान संगणकावर लिनक्स चालतें. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नेल. यंत्राच्या तारांवर सत्ता या कर्नेलची. आपण लिहिलेल्या साध्या प्रोग्रामास तेथें परस्पर हात घालतां येत नाहीं. तालुका कचेरींत रयतेला दप्तरखान्यांत शिरूं देत नाहींत, खिडकीवर अर्ज दिला कीं कारकून दप्तर काढून नक्कल देतो, तसाच हा प्रकार. येथली खिडकी म्हणजे ‘डेव्ह’ नांवाच्या फोल्डरांतील ‘आय-टू-सी-१’ ही फाईल. दिसावयास फाईल, पण तिच्यांत लिहिलेलें कर्नेलमार्फत चिपेकडे जातें व चिपेचें उत्तर तिच्यांतूनच वाचतां येतें.

आय-टू-सी ही पद्धत फिलिप्स कंपनीनें १९८२ सालीं काढली. एका तारेवर मजकूर, दुसरीवर ताल. या दोन तारांवर पुष्कळ चिपा एकत्र राहतात. प्रत्येकीस घर-क्रमांक असतो. असे क्रमांक १२८, त्यांतील १६ राखीव, म्हणजे वापरावयास ११२. आमच्या चिपेचा क्रमांक ७६ किंवा ७७. मात्र हे आंकडे सोळाच्या हिशेबांतील आहेत. १९५७ सालीं दशमान नाणीं येण्यापूर्वीं रुपयाचे सोळा आणे होत. त्या हिशेबानें ७६ म्हणजे ७ रुपये ६ आणे, अर्थात् ११८ आणे. नऊच्या पुढें अंक संपतात म्हणून दहास ए, अकरास बी असें करीत तेरास डी म्हणतात. यास्तव ‘डी०’ म्हणजे तेरा रुपये, अर्थात् २०८.

आतां अर्ज. प्रोग्रामानें ती फाईल उघडावी. ‘आयओसीटीएल’ या आज्ञेनें ७६ हें घर सांगावें. डी० हा रजिस्टराचा क्रमांक लिहावा. आणि एक बाइट वाचावा. उत्तर ६० आलें तर चिप बीएमई, आर्द्रता खरी. ५८ आलें तर बीएमपी. बोर्ड परत करावा. प्रोग्राम लिहिण्याची तयारी नसेल त्यानें ‘आय-टू-सी-टूल्स’ मधील ‘आय-टू-सी-गेट’ ही तयार आज्ञा वापरावी, काम तेंच होतें. तत्पूर्वीं रास्पबेरी पायच्या सेटिंगांत आय-टू-सी चालू करावें लागतें.

कोणत्या घरांत कोण आहे याचा तक्ता ‘आय-टू-सी-डिटेक्ट’ ही आज्ञा काढते. तींत एखाद्या घरीं ‘यूयू’ दिसलें तर त्या चिपेचा कारभार कर्नेलच्या एखाद्या ड्रायव्हरकडे आहे असें समजावें. अशा वेळीं आपला अर्ज नामंजूर होतो, आणि तें योग्यच आहे. एका दप्तरांत दोन कारकून लिहूं लागले कीं काय होतें तें आम्हीं पाहिलेलें आहे. जबरदस्तीनें शिरण्याची आज्ञाही आहे, पण ती वापरूं नये. नुसती चौकशीही दरवेळीं निरुपद्रवी नसते: आयबीएमच्या कित्येक थिंकपॅड संगणकांतील एका स्मृति-चिपेंतील नोंदी अशा चांचपणीनें बिघडत असत. म्हणून अनोळखी यंत्रावर तक्ता काढण्याची घाई नको.

ओळख पटल्यावरही चिपेचे कच्चे आंकडे जसेच्या तसे घेतां येत नाहींत. प्रत्येक बीएमईमध्यें कारखान्यानें तिच्यापुरते १८ सुधारणेचे आंकडे लिहून ठेवलेले असतात. ते वाचून, गणित करूनच खरें माप मिळतें. एका चिपेचे आंकडे दुसरीस लागू नाहींत. चिप बदलली कीं प्रोग्रामानें ते नव्यानें वाचले पाहिजेत.

तारा मात्र लांबवूं नयेत. ही पद्धत एकाच यंत्राच्या पोटांतील चिपांसाठीं योजलेली आहे; तार लांबली कीं तिची विद्युत्-धारकता वाढते, आणि ४०० पिकोफॅरडची मर्यादा ओलांडली कीं संदेश बिघडूं लागतात. संगणक घरांत व चिप बागेंत असें करण्याऐवजीं संगणकच बागेंत बंद डब्यांत ठेवावा. चिप डब्याबाहेर, सावलींत, वीतभर अंतरावर असावी. नाहींतर संगणकाच्या अंगची ऊब तिच्या मापांत उतरते.