मोटारीचे प्लग घरच्या घरीं

प्रायमस स्टोव्हचा बर्नर चोंदला म्हणजे त्यांत पिन घालून तो मोकळा करणें, शिवणयंत्राच्या भोकांत तेलाचे दोन थेंब सोडणें, सायकलचें पंक्चर काढणें, हीं कामें आपल्या घरांत एका पिढीनें दुसऱ्या पिढीस कधीं मुद्दाम शिकविलीं नाहींत. आजी स्टोव्हशीं बसली, नात तिच्याजवळ बसली, आणि पिन कोठें व कितपत घालावयाची हें नातीला आपोआप कळलें. मोटार दारांत आली तेव्हां मात्र हा क्रम तुटला. गाडी चालविणें घरांतील चौघांना येतें. परंतु तिचें बोनेट उघडावयाचें म्हणजे परक्याच्या देवघरांत शिरण्यासारखें आपणांस वाटतें. हात काळे होतील हा एक संकोच, आणि आपल्या हातून कांहीं बिघडेल ही त्याहून मोठी भीति.

या दोहोंपैकीं संकोच अगदींच व्यर्थ आहे. भीति मात्र तितकी व्यर्थ नाहीं. तिचा योग्य उपयोग कसा करावा, हेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

आमचें मुकुटबन यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यांत, अगदीं सरहद्दीच्या बाजूला आहे. पैनगंगा ओलांडली कीं आदिलाबादचा मुलूख लागतो. वर कापसाची काळी जमीन, तिच्या पोटांत चुनखडक आणि कोळसा, गांवाजवळ सिमेंटचा कारखाना; त्यामुळें रस्त्यावर मालमोटारींची ये-जा फार, आणि पावसाळा सोडला तर धुरळ्यास खळ नाहीं. गांवास रेल्वे आहे. परंतु आजारी माणसास घेऊन अवेळीं निघावयाचें तर घरच्या गाडीवांचून गत्यंतर नसतें. जवळचें मोठें गांव म्हणजे वणी, आणि जिल्ह्याचें ठिकाण यवतमाळ तर त्याहून कितीतरी लांब. अशा वाटेवर रात्रीं इंजिन धक्के देऊं लागलें, म्हणजे मिस्त्री ज्याला ‘मिसिंग’ म्हणतात तें सुरू झालें, तर त्याचा अर्थ काय हें गाडींतल्या एकाला तरी कळावयास हवें. पुष्कळदां त्याचें कारण बोटभर लांबीचा एक प्लग असतो.

हा स्पार्क प्लग करतो काय? पेट्रोलच्या इंजिनांत पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण सिलिंडरमध्यें दाबलें जातें आणि नेमक्या क्षणीं तें पेटवावें लागतें. बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट. कॉईल तो वाढवून कित्येक हजार व्होल्टांवर नेते, आणि प्लगच्या टोकाशीं असलेल्या एक मिलिमीटरच्या आसपासच्या फटींतून वीज उडी घेते. ती उडी म्हणजेच ठिणगी. चार टप्प्यांच्या इंजिनांत दर दोन फेऱ्यांस एक ठिणगी लागते; म्हणजे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लग सेकंदाला २५ वेळां पेटतो. हें सारें २००० अंशांहून अधिक तापणाऱ्या ज्वालेच्या तोंडीं बसून! अशा प्लगचीं टोकें हळूहळू झिजतात, फट रुंदावते, आणि मग ठिणगी अधूनमधून चुकूं लागते. गाडी सकाळीं सुरू होण्यास कुरकुरते, चढावर दम सोडते, पेट्रोल अधिक पिते. नव्या गाड्यांत याहूनहि मोठें नुकसान संभवतें. न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींतील शुद्धिकारक यंत्रांत जाऊन तेथें जळतें आणि तें महागडें यंत्र निकामी करतें. म्हणून इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकूं लागला तर तो दुर्लक्षूं नये.

स्त्रियांनीं या भानगडींत पडूं नये, असें कोणाला वाटत असेल तर त्यानें मोटारीचा पहिला लांबचा प्रवास आठवावा. १८८८ च्या ऑगस्टांत बर्था बेंझ ही बाई आपल्या दोन मुलांना घेऊन, पतीला न सांगतां, त्यानेंच बनविलेल्या गाडींतून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरीं गेली. अंतर शंभर किलोमीटरांवर. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती तिनें टोपीच्या पिनेनें मोकळी केली. ठिणगीच्या तारेचें आवरण झिजलें, तेव्हां मोज्याचा पट्टा काढून तारेभोंवतीं गुंडाळला. मोटारीची वाटेंत झालेली ही पहिली नामांकित दुरुस्ती एका गृहिणीनें पिन आणि पट्टा यांवर केली. पुढें १९०२ साली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांत गॉटलोब होनोल्ड यांनीं उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याचा प्लग सिद्ध केला, आणि आजच्या प्लगचें घराणें तेथून चालू झालें. आपल्या देशांत वालचंद हिराचंद यांनीं १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेल्या फियाट आणि पुढें पद्मिनी या गाड्या मराठी घरांतून नांदल्या. बंगळूरास १९५१ साली निघालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचें ‘मायको’ हें नांव तर जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडीं प्लगाशीं जोडूनच येतें. पद्मिनीच्या काळीं प्लग काढून, घासून, फट जुळवून पुन्हां बसविणें हें घरधन्याला बहुधा येत असे. आज प्लग अधिक टिकतात, म्हणून आपण तें विसरलों, इतकेंच.

आतां प्रत्यक्ष कृति. प्रथम आपल्या गाडीला प्लग आहेत कीं नाहींत तें पाहावें. डिझेलच्या इंजिनांत मिश्रण केवळ दाबाच्या उष्णतेनें पेटतें, तेथें स्पार्क प्लग नसतो. विजेच्या गाडींत तर इंजिनच नाहीं. पेट्रोलच्या गाडीला मात्र बहुधा जितके सिलिंडर तितके प्लग. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकांत प्लगचा क्रमांक आणि तो किती किलोमीटरांनीं बदलावा हें दिलेलें असतें. साधे निकेलचे प्लग वीस-तीस हजार किलोमीटर, तर इरिडियमचे लाखाच्या आसपासहि जातात. दुकानांत ‘हाहि चालतो’ म्हणून दुसरा प्लग मिळाला तर घेऊं नये. आटे जास्त लांब असलेला प्लग आंत पिस्टनवर आदळूं शकतो.

साहित्य थोडें लागतें. प्लगचा सॉकेट-पाना, त्यास जोडावयाचा लांब दांडा, फट मोजण्याचें फीलर गेज, स्वच्छ फडकें, डोळ्यांस चष्मा, वीतभर रबरी नळी, आणि सायकलचा पंप. पंप कशासाठीं तें पुढें येईल.

इंजिन पूर्ण थंड असावें. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर पहाटे काम करणें उत्तम, आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत तर तीच वेळ सुखाची. आजच्या बहुतेक इंजिनांचें डोकें ॲल्युमिनियमचें असतें. तें गरम असतांना प्लग काढला तर मऊ आटे खरवडून निघतात. किल्ली काढून ठेवावी. एका वेळीं एकाच प्लगची कॉईल किंवा तार काढावी म्हणजे अदलाबदल होण्याची भीतिच राहात नाहीं. तार ओढतांना तारेस न धरतां तिच्या टोपणास धरावें.

आतां पंप. प्लग ज्या खोलगट विहिरींत बसलेला असतो तिच्या तळाशीं आमच्याकडे चिमूटभर तरी धुरळा सांपडतोच. प्लग आधीं काढला तर हाच धुरळा सरळ सिलिंडरमध्यें उतरेल आणि आंतील गुळगुळीत भिंतीवर कानशीसारखा फिरेल. म्हणून प्लग सैल करण्यापूर्वीं पंपानें वारा घालून विहीर झाडून घ्यावी. डोळ्यांस चष्मा याच वेळीं हवा. मुकुटबनसारख्या गांवीं साऱ्या कृतींत हें सर्वांत महत्त्वाचें पाऊल आहे.

पाना डावीकडे फिरवून प्लग सैल करावा व बाहेर काढून सिलिंडरच्या क्रमानें ताटलींत मांडावा. हे जुने प्लग म्हणजे इंजिनाची नाडी. टोक फिकट तपकिरी किंवा करडें असेल तर प्रकृति उत्तम. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त व हवा कमी. विशेषतः जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडींत हवेची जाळी धुरळ्यानें चोंदली असण्याचा संभव. टोक तेलानें ओलें असेल तर इंजिनांत तेल गळतें आहे. पांढरें फटक व फोड आलेलें असेल तर इंजिन प्रमाणाबाहेर तापतें आहे. शेवटचीं दोन लक्षणें दिसलीं तर नवे प्लग बसवून समाधान मानूं नये, जाणत्या मिस्त्र्यास तेच जुने प्लग नेऊन दाखवावे.

नव्या प्लगची फट गेजनें पाहावी आणि पुस्तकांतील आंकड्याशीं ताडावी. साध्या प्लगची बाहेरची वांकडी कडी हलकेच दाबून फट जुळवितां येते. इरिडियमच्या बारीक टोकाशीं मात्र झटूं नये, तें मोडतें. हातून फरशीवर पडलेला प्लग वापरूं नये, कारण आंतील चिनी मातीस न दिसणारी चीर गेलेली असूं शकते.

यापुढचें पाऊल मला अनुभवानें शिकावें लागलें. कांहीं वर्षांपूर्वीं आईला डोळ्यांच्या तपासणीसाठीं सकाळीं वणीला न्यावयाचें होतें. आदल्या संध्याकाळीं बाहेरून आलों आणि इंजिन अजून गरम असतांनाच प्लग बदलावयास बसलों. दोन बसले. तिसरा मीं बोटांनीं न धरतां सुरवातीपासूनच पान्यानें फिरविला. अर्ध्या फेऱ्यांतच तो जड झाला. धुरळा असेल असें मनाशीं म्हटलें आणि जोर लावला. प्लग तिरपा शिरला होता. त्यानें ॲल्युमिनियमचे आटे कापून काढले. दुसऱ्या दिवशीं वणीला आई गेली नाहीं, टेंपोवर चढून गाडीच गेली. मिस्त्र्यानें नवे आटे पाडून आंत वेटोळें बसविलें, त्याला तीन प्लगांच्या किंमतीच्या कितीतरी पट खर्च आला, आणि आईची तपासणी लांबली ती वेगळीच.

आई रागावली नाहीं. तिनें इतकेंच विचारलें, “जड लागलें तें तुझ्या हाताला कळलें नव्हतें का रे? मशीनवर शिवतांना दोरा अडकला तर मी चाक रेटतें का?”

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें, कारण हाताला तें कळलें होतें. न ऐकणारा मी होतों. शिवणयंत्रावर सारा जन्म काम केलेल्या बाईला इंजिनाचें एक अक्षर ठाऊक नसतांनाहि या कामाचें मर्म ठाऊक होतें: अडलें तेथें थांबावें. आरंभीं म्हटलेल्या भीतीचा खरा उपयोग हाच. भीतीनें बोनेट बंद ठेवावयाचें नाहीं; तिनें हात योग्य जागीं थांबवावयाचा.

म्हणून नवा प्लग नेहमीं बोटांनीं लावावा. विहीर खोल असेल तर रबरी नळीचा तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसवून त्यानें फिरवावा. प्रथम डावीकडे हलकेंच फिरवून आटे एकमेकांत बसल्याचा किंचित् ‘टक्’ जाणवूं द्यावा, मग उजवीकडे. प्लग तिरपा शिरत असेल तर रबर घसरतें आणि आपणांस थांबवितें. लोखंडी पान्याला ही दया नाहीं. पूर्ण बसेपर्यंत प्लग बोटांच्या जोरानेंच गेला पाहिजे. त्यानंतरच पाना लावून वॉशर दबेल इतकें, साधारण अर्ध्या फेऱ्यापर्यंत, आवळावें. नेमकें प्रमाण प्लगच्या डबीवर छापलेलें असतें, तेंच पाळावें. वॉशरऐवजीं निमुळती बैठक असलेल्या प्लगास तर याहून फारच थोडें पुरतें. शेवटीं कॉईल दाबून बसवावी, तिचा स्क्रू व जोडणी लावावी, मग पुढच्या सिलिंडरकडे वळावें. सर्व झाल्यावर गाडी सुरू करून कांहीं वेळ नुसती ऐकावी. आवाज एकसारखा असेल तर काम साधलें.

जुना प्लग निघतांनाच फार जड लागला तर तेथेंहि तोच नियम. गंज सोडविणारें तेल सोडून वाट पाहावी, पुन्हां हलका प्रयत्न करावा, न जमल्यास मिस्त्र्यास बोलवावें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. ज्यानें एकदां स्वतः प्लग बदलला त्याला मिस्त्र्याच्या विद्येची किंमत अधिकच कळते, आणि त्याच्याशीं चार शब्द समजून बोलतां येतात.

आमच्या घरीं आतां हें काम पुतणी करते. ती पहाटे बोनेट उघडते, आई ओसरीवर ताटली व फडकें घेऊन बसते आणि निघालेला प्रत्येक प्लग क्रमानें मांडते. गेल्या खेपेस एक प्लग बोटांनीं फिरवितांना पुतणी मध्येंच थांबली, त्यास उलट फिरवून बाहेर काढलें, आटे फडक्यानें पुसले आणि पुन्हां लावला. आई कांहीं बोलली नाहीं. तिनें पुढचा प्लग तिच्या हातांत दिला.